सावकाशची गाडी

“आधी बूड टेकवा, आई. मग डोकं आत घ्या. पाय सगळ्यात शेवटी,” जावई फुटपाथवर उकिडवा बसून समजावत होता.

“आणि तोवर पाय काय तुमच्याकडे सांभाळायला देऊ?” असं म्हणून तायडीने अंग सोडून दिलं आणि ती धप्पकन सीटमध्ये जाऊन पडली.

तायडी म्हणजे माझी धाकटी बहीण. वय साठीचं, गुडघे ऐंशीचे, जीभ विशीतली. ती ज्या गाडीत पडली ती तिच्या नवऱ्याने निवृत्त झाल्या झाल्या घरी आणली होती. निळीशार, पसरट, आणि इतकी बुटकी की आत बसलं की शेजारून जाणाऱ्या बसच्या चाकाशी नजरानजर व्हायची. एकदा एक मांजर सवयीने तिच्याखाली शिरायला गेलं आणि निम्म्यात अडकून मदतीला हाका मारायला लागलं. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. कुणाला शंका असेल तर मांजर अजून आमच्याच गल्लीत आहे.

गाडी आधी दातांच्या एका डॉक्टरची होती. त्याने ती पहिल्यांदा जोरात पळवली तेव्हा त्याचे केस जे मागे गेले, ते पुन्हा कपाळाकडे फिरकलेच नाहीत. आत म्हणे चारशे घोड्यांची ताकद होती. आमच्या मेव्हण्याने मात्र चारशेच्या चारशे घोडे दावणीला बांधून ठेवले होते.

आणि आज त्या गाडीचा आमच्याकडचा शेवटचा दिवस होता. जावयाने गिऱ्हाईक शोधलं होतं. ते गावाबाहेर तायडीच्या लेकीच्या घरी येऊन बसलं होतं. आम्ही गाडी तिथे पोचवायची आणि जावयाच्या गाडीतून परत यायचं, असं ठरलं होतं. म्हणजे लेकीने आणि जावयाने ठरवलं होतं. मेव्हण्याने ‘हो’ही म्हटलं नव्हतं आणि ‘नाही’ही.

मी मागच्या सीटवर होतो. ही सीट बनवणाऱ्याने पाय नसलेल्या माणसाचं माप घेतलं असावं. माझे गुडघे माझ्या कानांशी हितगुज करत होते.

“मामा, तुम्हीच सांगा,” जावई मला म्हणाला. “रोजच्या वापराची गाडी कशी असावी? माणसं किती, सामान किती, चढउतार किती. बास.”

जावई लिफ्ट तपासण्याच्या नोकरीत. जगातली कुठलीही वस्तू दिसली की ती किती माणसं उचलते हेच तो आधी बघायचा. त्याची स्वतःची गाडी पांढरी, उंच, फ्रिजला चाकं लावल्यासारखी, रस्त्यापलीकडे उभी होती.

“माझ्या गाडीत सात माणसं ऐसपैस. सामान वेगळं. पेले ठेवायला चौदा जागा.”

“माणसं सात आणि पेले चौदा?” मी विचारलं. “दोन्ही हातांनी पिता की काय?”

“चेष्टा नको, मामा. त्या दिवशी पोतंभर कांदे आणले. निम्मे डिकीत बसले, निम्मे तुमच्या मांडीवर. आईंना आत घालायला एक माणूस लागतो, बाहेर काढायला दोन. माझ्या गाडीत बघा…”

“तुमच्या गाडीला स्टूल लागतं, जावईबापू,” तायडी आतून म्हणाली. “तीत चढावं लागतं, हीत पडावं लागतं. या वयात पडणं सोपं जातं.”

“बरं, पण बाबा, घेतलीत कशासाठी? काहीतरी कारण असेल ना?”

स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसलेला मेव्हणा इतक्या वेळात पहिल्यांदा बोलला. “आवडली.”

“आवडली हे काय कारण झालं?”

“माझ्या भाचीला मागणी घातलीत तेव्हा कुठलं कारण लिहून दिलं होतंत?” मी मागून म्हणालो. जावई रस्ता ओलांडून आपल्या फ्रिजमध्ये चढला.

मेव्हण्याला सगळं गाव ‘सावकाश’ म्हणायचं. उभी हयात त्याने नगरपालिकेची शववाहिका चालवली. ते काम वाटतं तितकं सोपं नाही. पुढे गाडी आणि मागे चालणारी माणसं. निघण्याआधी सावकाश आरशात बघायचा. मागच्यांत सगळ्यात थकलेलं, सगळ्यात म्हातारं कोण, ते हेरायचा आणि त्याच्या चालीने गाडी चालवायचा. कुणाची आजी दम घ्यायला थांबली तर गाडी थांबायची. खड्डा आला तर एकेक चाक असं उतरवायचा जसं झोपलेलं मूल खांद्यावरून खाली ठेवावं. कधी हॉर्न नाही, कधी कुणाला मागे टाकणं नाही. त्याच्या शववाहिकेच्या टपावर एकदा कबुतरीने अंडी घातली होती, आणि पोचेपर्यंत पिल्लं उडून गेली. हे मी पाहिलेलं नाही, पण कबुतरांची ती पिढी आमच्याकडे जरा गंभीर आहे.

असा माणूस निवृत्त झाला आणि त्याने गावातली सगळ्यात पळणारी गाडी घेतली. लोक हसले. जावयाने कपाळाला हात लावला. तायडीने मात्र गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेटवर हात फिरवला आणि म्हणाली, “रंग छान आहे.”

घोटाळा झाला तो नंतर. गाडी नवी, पण पाय जुनाच. सावकाश ती निळी गाडी शववाहिकेच्याच चालीने चालवायचा. त्याला ओळखणारे लोक सवयीने बाजूला व्हायचे, टोप्या काढायचे, मान खाली घालायचे. मागच्या गाड्या पुढे जायला धजायच्या नाहीत. भाजीला निघालो तरी मागे रांग लागायची. त्यात एकदा तायडीच्या गुडघ्यांसाठी दवाखान्यात गेलो. येताना तायडी सीट मागे पाडून डोळे मिटून पडली. गावाने ते पाहिलं. आम्ही घरी पोचेपर्यंत निम्म्या बाजाराची दारं ओढलेली आणि आमच्या दारात ही गर्दी. तायडीला बाहेर काढायला दोन माणसं लागत असल्यामुळे मी आणि सावकाश वाकलेलो; त्यामुळे तर लोकांची खात्रीच पटली.

तायडी उभी राहिली, पदर सारखा केला आणि रडणाऱ्या किराणा दुकानदाराला म्हणाली, “काय झालं हो? कोण गेलं?”

“वहिनी गेल्या हो!”

“कुठल्या वहिनी?”

त्याने वर पाहिलं. तोंड उघडंच राहिलं. “तु… तुम्हीच.”

“असं होय? मग आता आलाच आहात तर बसा. चहा टाकते.”

सगळे बसले. चहा प्यायले. तायडी नंतर कुरकुरत होती की समोरच्या शिवणवालीने तिच्याबद्दल इतकं चांगलं बोलून ठेवलंय, की आता तिच्याशी भांडायची सोय राहिली नाही.

हसली नाही ती फक्त लेक. तिला कामावर कुणीतरी फोन केला होता. ती होती तशी, पायात चप्पल न घालता धावत आली आणि आईला समोर बघून तिच्या गळ्यात पडून ओक्साबोक्शी रडली. मग डोळे पुसून बापाला म्हणाली, “बाबा, ती गाडी नको आता घरात. तुम्ही कुठलीही गाडी चालवा, लोकांना ती तीच दिसते.”

सावकाशला ते वाक्य लागलं. मी तिथेच होतो, मला दिसलं. नंतर अंगणात गाडी पुसता पुसता तो मला म्हणाला, “दादा, लोकांचं काय चुकलं? माझा पायच दबत नाही. घेतली कशाला मी ही? मला नाही जमत.” त्यानंतर जावयाने गिऱ्हाईकाचं नाव काढलं तेव्हा तो गप्प राहिला, तो आजपर्यंत.

तर आम्ही निघालो. पुढे जावयाचा फ्रिज, मागे आम्ही. गाव संपलं, बाहेरचा रुंद रस्ता लागला. सरळ, मोकळा, दोन्ही बाजूंना शेतं. जावई बघता बघता ठिपका झाला. आम्ही आमच्या चालीने. एका सायकलवाल्या आजोबांनी घंटी वाजवून आम्हाला मागे टाकलं. थोडं पुढे जाऊन त्यांनी वळून पाहिलं, सावकाशला ओळखलं, आणि बिचारे सायकलवरून उतरून टोपी काढून उभे राहिले.

तायडीने त्यांच्याकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे.

“अहो, गाडी द्यायचीय तुम्हाला?”

“लेक म्हणते…”

“लेकीचं नाही विचारलं मी.”

 सावकाशने आरशात पाहिलं. मग म्हणाला, “नाही द्यायची.”

“मग दोन्ही हातांनी नेऊन का देताय? एकदा पळवा तरी. ज्यासाठी आणली ते न करताच देणार?”

“पाय ऐकत नाही गं.”

“पाय ऐकतो. तुम्ही आरशात बघायचं थांबा.” आणि तायडीने हात लांबवून मधला आरसा सरळ छताकडे फिरवला. “मागे कुणी चालत नाहीये.”

“दादा आहे ना मागे.”

“दादा बसलाय. आणि त्याला हळू नेलं तरी तो घरी जाऊन उडत गेलो असंच सांगणार आहे. मग खरंच उडू दे की एकदा. दाबा.”

मी काहीतरी सुचवणार होतो. माझ्या गुडघ्यांची बाजू मांडणार होतो. पण सावकाशने दाबला.

आधी क्षणभर काहीच झालं नाही. चारशे घोड्यांना बहुधा खरं वाटलं नसावं. मग पोटाखालून अशी गुरगुर उठली की शेतातली बुजगावणी खाली बसली. माझी कवळी दातांचं काम सोडून घशाकडे निघाली. माझे गुडघे माझ्या कानांना पार करून मागे गेले. विजेचे खांब एकमेकांना चिकटून त्यांचं कुंपण झालं. जावयाचा फ्रिज समोर दिसला, शेजारी दिसला आणि दिसेनासा झाला. शेजारी असताना जावयाचा एक डोळा मला ओळखू आला, तो वाटोळा होता. तायडी ओरडत होती. मला वाटलं घाबरली. नीट ऐकलं तर म्हणत होती, “अजून! अजून!”

लेकीच्या घराचं वळण आलं आणि गेलं. फाटकाशी गिऱ्हाईक उभं होतं म्हणे. त्याने निळी रेघ पाहिली आणि गाडी कधी येणार म्हणून विचारलं.

“वळण मागे राहिलं!” मी कवळी सावरत ओरडलो.

“राहू दे,” तायडी म्हणाली.

पुढच्या पुलाशी ट्रॅफिक पोलिसाने हात केला. सावकाशने गाडी अशी थांबवली की पेल्यातलं पाणी हललं नसतं. पेला ठेवायला जागा नव्हती, ही गोष्ट वेगळी. पोलीस तरुण, रागाने लाल झालेला. खिडकीशी आला, कमरेत वाकला, आणखी वाकला, शेवटी गुडघ्यावर बसला. आणि त्याचा राग कुठल्या कुठे गेला.

“काका? तुम्ही?” त्याने टोपी काढली. “जा काका, जा. हे यंत्र बिघडलंय. काहीतरीच दाखवतंय.”

“काय दाखवतंय?”

“सोडा हो.”

“दाखवा.”

पोलिसाने हातातलं यंत्र पुढे केलं. सावकाशने खिशातून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला, आकडा वाचला. पुन्हा वाचला.

“यंत्र बरोबर आहे,” तो म्हणाला.

“काका, असं कसं? तुम्ही आणि वेगात? माझ्या आईला तुम्ही नेलंत. आमची आजी मागे चालत होती, तिच्यासाठी तीनदा थांबलात. रस्ताभर एक धक्का लागला नाही आईला. तुमच्यावर असलं काही लिहायला माझा हात नाही धजायचा. कुणाला पटणारही नाही.”

सावकाश गाडीतून बाहेर आला. त्या गाडीतून बाहेर येणं हे चटकन होणारं काम नाही. आधी पाय, मग डोकं, मग उरलेलं. पण उभा राहिला तेव्हा पूर्ण उभा राहिला.

“तुमची आई होती तेव्हा तसंच चालवायचं होतं,” तो म्हणाला. “ते माझं काम होतं, आणि मी नीट केलं. आज मी माझ्या बायकोला घेऊन निघालोय. ही माझी गाडी आहे आणि मीच पळवली. पावती करा.”

“अहो काका, सोडतोय ना मी तुम्हाला?”

“मला सोडायचं नाही. लिहा.”

तेवढ्यात जावयाचा फ्रिज धापा टाकत येऊन थांबला. जावई उडी मारून उतरला. “बाबा! काय चाललंय काय? ते गिऱ्हाईक तिकडे ताटकळलंय. काय सांगू त्याला?”

“सांगा, गाडी विकायची नाही,” सावकाश त्याच्याकडे न बघता म्हणाला. “लेकीला मी समजावतो. आता जरा थांबा, साहेब लिहितायत.”

जावयाने माझ्याकडे पाहिलं. मी दोन्ही हातांनी माझे पाय शोधत होतो.

पोलिसाने सुस्कारा सोडला आणि पावतीपुस्तक काढलं. टेकवायला दुसरं काही नव्हतं म्हणून गाडीच्या टपावर ठेवलं. टप त्याच्या छातीइतकाही उंच नव्हता. तो वाकून लिहायला लागला. सावकाश शेजारी हात मागे बांधून, मान ताठ ठेवून उभा होता. त्याचा उजवा पाय मात्र मांडीपासून थरथरत होता, थांबत नव्हता. तायडीने त्याच्या रिकाम्या सीटवर आडवं होऊन उघड्या दारातून हात बाहेर काढला आणि त्याच्या गुडघ्यावर ठेवला. दोघंही एकमेकांकडे बघत नव्हती.

“आकडा ठळक लिहा,” सावकाश म्हणाला.