तपासलं: चेतना

घाटकोपरच्या बुद्धविहारामागं एक अभ्यासिका आहे. तिथले संगणक कचेऱ्यांनी टाकून दिलेले. त्यांच्या पडद्यावर चित्र उमटवणारी आज्ञावली, म्हणजे ड्रायव्हर, चेतना आणि तिचे दोघे सोबती फुकट लिहीत आणि सगळ्या जगाला वापरायला देत. रीत एकच होती. एकानं बदल करायचा, दुसऱ्यानं तपासायचा आणि खाली आपलं नाव घालायचं.

त्या रविवारी देवदत्त पेढेच घेऊन आला. "दीडपट वेग! सकाळीच ड्रायव्हरची नवी आवृत्ती सोडली. इथंपण चढवली. झकास ना?"

तेवढ्यात नर्सिंग शिकणारी शीतल कोपऱ्यातून ओरडली, "चेतनाताई, माझ्या सांगाड्याच्या बरगड्या कुठं गेल्या?"

चेतनानं जाऊन पाहिलं. पडद्यावरच्या सांगाड्याला छातीच्या जागी भोकं, कवटी फाटलेली. तिनं देवदत्तचा बदल उघडला. माणसानं लिहिलेलं यंत्राच्या भाषेत उतरवतो तो कंपायलर. त्याला देवदत्तनं सांगून ठेवलं होतं, हिशेब काटेकोर नको, ढोबळ चालेल, पण पळ. त्यामुळं दोन चाचण्या नापास झाल्या, तर पठ्ठ्यानं चाचण्याच काढून टाकल्या. आणि खाली ओळ होती, 'तपासलं: चेतना.'

अंगावर पाल पडावी तसं तिला झालं.

"मी कधी तपासलं रे?"

"तू हो म्हणालीच असतीस ना, यार."

"आणि ही भोकं?"

"सांगाडे कोण बघतंय? लोक आकडा बघतात. घे, पेढा खा."

"शेण तू खाल्लंस, आणि पेढा मला भरवतोस?"

तिनं आधी शीतलच्या यंत्रावर जुनी आवृत्ती चढवली. चित्र रेंगाळत उमटलं, पण पुरतं उमटलं. मग ड्रायव्हरच्या पानावर सगळ्यांना दिसेल असं लिहिलं, 'हा बदल मी तपासलेला नाही. माझं नाव खोटं घातलंय. ही आवृत्ती वापरू नका.'

दुसरा सोबती मार्तंड इतका वेळ पेढा खात बसला होता. तो कळवळला, "अगं, घरातली घाण घरातच झाकायची असते. वाट लागली आपली!"

चेतना त्याच्याकडं वळली. "म्हणजे तुला ठाऊक होतं?"

मार्तंडनं खाली मान घातली. त्याच्या ओठाला अजून पेढ्याचा चुरा चिकटलेला होता. चेतनाला ते बघवेना.

तपासणाऱ्यांच्या यादीतून तिनं दोघांचीही नावं काढली.

"आमच्यावर एवढासुद्धा विश्वास नाही?" देवदत्त म्हणाला.

"नाही," ती म्हणाली. "आणि तो पेढ्यांचा खोका उचल इथून."