न सरलेला मंगळवार

मित्रांनो, मी एक जुनी वेबसाइट आहे. माझं वय सतरा. माणसांत हे काही वय नव्हे, पण आमच्यात सतरा वर्षांची वेबसाइट म्हणजे जिच्या ओळखीचे बहुतेक सगळे गेले अशी म्हातारी.

मी उत्तर मिनेसोटातल्या हिल्मा लेक या गावाची. गाव लहान आहे आणि तळं मोठं आहे. दर हिवाळ्यात तळं गोठलं की अग्निशमन दलाची माणसं एक भंगार गाडी घेतात, तिचं इंजिन आणि तेल काढतात, तिला लांब साखळी बांधतात आणि टेकाडाआडच्या खाडीत बर्फावर नेऊन उभी करतात. मग सगळं गाव अंदाज बांधतं, की वसंतात ही गाडी कोणत्या दिवशी बुडेल? ज्याचा अंदाज सर्वांत जवळ, त्याला एक अख्खं हॅम, म्हणजे डुकराची खारवलेली मांडी, आणि वर्षभराचा मान. हे अंदाज गोळा करायला मला जन्माला घातलं. कुणी इस्पितळासाठी जन्मतं, कुणी बँकेसाठी. मी एक गाडी बुडावी म्हणून जन्मले.

गाडीत चालकाच्या जागी नारिंगी कोट घातलेलं एक बुजगावणं बसवतात. त्याला सगळे ड्रायव्हर म्हणतात. तो दरवर्षी बुडतो, साखळीने गाडीसकट बाहेर ओढला जातो, दलाच्या गॅरेजात दोरीवर वाळतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा कामावर रुजू होतो. सुट्टी त्याने कधी मागितली नाही.

मला घडवलं रेइनो किवेला याने. त्याने गावच्या शाळेत आयुष्यभर सुतारकाम शिकवलं होतं. मलाही त्याने बाकासारखंच बनवलं, म्हणजे मजबूत आणि गरजेपेक्षा जड. जांभळ्या पाटीवर पिवळी अक्षरं होती आणि सबंध पानावर बर्फ पडायचं, जुलैतसुद्धा. जिल्ह्याच्या वर्तमानपत्राने माझं वर्णन ‘डोळ्यांत भरणारी’ असं केलं. ते कात्रण रेइनोने चौकटीत लावलं. खाडीच्या काठावरच्या बोटघरावर त्याने एक कॅमेरा बसवला. तो दर पाव तासाने गाडीचं चित्र मला पाठवायचा. अंधार पडला की कॅमेरा झोपायचा आणि शेवटचं चित्र सकाळपर्यंत माझ्यावर राहायचं. चित्रावर रेइनोने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘आत्ताचं दृश्य’.

माझं बिऱ्हाड मात्र गावात नाही. दूर दक्षिणेला एका थंड इमारतीत, भाड्याच्या जागेत, मी हजारो अनोळखी वेबसाइटींबरोबर राहते. शेजारी एक दातांचा डॉक्टर आहे आणि पलीकडे कुत्र्यांचे केस कापणारी बाई. आम्ही कधी बोललो नाही.

एकदा ग्रंथालयातली ऑड्रा मला बघायला आली. बघून तिने चष्मा काढला आणि पुसला.

“रेइनो, ही अक्षरं माणसांनी वाचायची आहेत ना?”

“वाचता येत नसेल तर जवळ जा.”

“तीन गोष्टी कर. अक्षरं काळी कर, पाटी पांढरी कर. प्रत्येक चित्रामागे त्याचं वर्णन लिही, म्हणजे ज्यांना दिसत नाही त्यांना यंत्र ते वाचून दाखवेल. आणि चित्राखाली तारीख टाक.”

पहिल्या दोन गोष्टी त्याने केल्या. तिसरीला तो हसला. “खिडकीला कुणी तारीख लावतं का गं? बाहेर बघितलं की कळतं.”

मित्रांनो, हे वाक्य लक्षात ठेवा.

वर्णनाचं काम त्याने मनावर घेतलं ते आर्वोमुळे. आर्वो त्याचा लहानपणापासूनचा मित्र. मधुमेहाने त्याची दृष्टी गेली होती. रोज सकाळी रेइनो माझ्या चित्रामागे दोन-तीन ओळी लिहायचा आणि आर्वोचं यंत्र त्या सपाट आवाजात वाचायचं, ‘सोमवार. गाडी उभी आहे. ड्रायव्हर तुझ्यापेक्षा देखणा दिसतोय.’ डोळस माणसांना त्या ओळी कधीच दिसायच्या नाहीत. सगळ्या गावासाठी मी एक चित्र होते आणि एका माणसासाठी रोजचं पत्र. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत चांगला काळ होता.

आता दुखरी बाजू सांगते. रेइनोने माझा पासवर्ड म्हणून बायकोचं नाव ठेवलं होतं, लेम्पी. गावात याला प्रेम म्हणायचे. सुरक्षेच्या पुस्तकांत वेगळं म्हणतात. मला वरचेवर डागडुजीची सूचना यायची, की जुनं कुलूप बदला, फटी बुजवा. रेइनो म्हणायचा, “उद्या.” बाक दुरुस्त करायला तो कधी उद्या म्हणाला नव्हता. पण बाकाची मोडलेली फळी टोचते, माझी टोचत नाही.

माझ्या दारावर टकटक सुरू झाली. माणसं नव्हती ती, पासवर्ड चाचपडत फिरणारी यंत्रं होती. मिनिटामिनिटाला कुणीतरी यायचं, एक नाव पुटपुटायचं आणि जायचं. मेरी. रोझ. लिंडा. मी आत बसून ऐकायची. एके दिवशी त्यांतलं एक हळूच म्हणालं, लेम्पी. दार उघडलं.

त्यानंतर माझ्या आत कुणीतरी चालू लागलं. मी आपली पानं मोजायला गेले तर ती संपेनात. मी न लिहिलेली पानं, मला न कळणाऱ्या भाषेत, एकामागे एक. माझ्या पोटात बुटांचं दुकान निघालं होतं. हजारो जोड. मी, जिला एकही पाय नाही! वरून मी तशीच दिसत होते, गाडी, ड्रायव्हर, बर्फ. जागेच्या मालकांनी रेइनोला पत्रांवर पत्रं पाठवली, ‘आपली जागा भरत आली आहे.’ ती सगळी त्याच्या टपालपेटीत न उघडता पडून राहिली.

एप्रिलमधल्या एका मंगळवारी रेइनो गाडीपाशी गेला. बर्फात भोक पाडून जाडी मोजायचं काम त्याचंच असे. ड्रायव्हरसारखाच नारिंगी कोट त्याने घातला होता. कॅमेऱ्याने त्याला टिपलं. तो गाडीजवळ उभा होता, पाठमोरा, एक हात कमरेवर. घरी येऊन त्याने आर्वोसाठी ओळी लिहिल्या. संध्याकाळी तो जेवणाआधी खुर्चीत जरा टेकला आणि उठलाच नाही.

ते चित्र माझ्यातलं शेवटचं ठरलं. पुढचं आलं तेव्हा आत चार ओळी मावतील, पण चित्र मावणार नाही, एवढीच जागा होती. सगळीकडे बूट होते. पाव तासाने दुसरं आलं, दारातून परत गेलं. मग तिसरं. रेइनोचं दफन झालं, फुलं सुकली, आणि माझ्यावर मात्र तो तसाच उभा होता. वर लिहिलेलं, ‘आत्ताचं दृश्य’.

गावाच्या हे कसं लक्षात आलं नाही, असं तुम्ही विचाराल. आमच्याकडे एप्रिलचा प्रत्येक दिवस आदल्या दिवसासारखाच करडा असतो. कोट ओळखीचा होता. पेट्रोल पंपावर हसणं चालायचं.

“ड्रायव्हर बाहेर कसा आला रे?”

“लघवीला उतरला असेल.”

“रेइनोने जाता जाता उभा केलाय त्याला. शेवटची थट्टा म्हाताऱ्याची.”

चित्रातला माणूस ड्रायव्हर नाही हे एकटी लेम्पी जाणत होती. कमरेवर हात ठेवायची ती लकब तिने पंचेचाळीस वर्षं पाहिली होती. रोज सकाळी ती कॉफी घेऊन माझ्यासमोर बसायची. चित्र थांबलंय हे तिला कळत होतं, आणि ते कुणाला सांगितलं तर दुरुस्त होईल हेही. मी मेलेल्या माणसाला रोज सकाळी जिवंत म्हणून दाखवत होते. ती मला रागावत नव्हती. उलट कप ठेवताना म्हणायची, “आज थंडी आहे रे. टोपी तरी घालायचीस.”

मला बोलता येत असतं तर मी ओरडले असते. कारण दर वसंतात आमच्याकडे बर्फावरची शेवटची कॉफी होते. एका रविवारी सगळं गाव थर्मास आणि पॅनकेक घेऊन चालत गाडीपर्यंत जातं. या वर्षी ती रेइनोच्या आठवणीसाठी ठेवली होती. दलाचा प्रमुख वेस्ली माकी लेम्पीला सांगायला आला. पन्नाशीचा माणूस, पण रेइनोचा विद्यार्थी, म्हणून तिच्यापुढे अजून टोपी काढून उभा राहायचा.

“जाडी कुणी मोजली?” तिने विचारलं.

“मोजायची काय, मिसेस किवेला? वेबसाइटवर गाडी उभी दिसतेय. जिथे गाडी उभी राहते तिथे आपण राहू. तुमच्याच धक्क्यावरून उतरू आम्ही सगळे. मुलांनाही आणतोय.”

धक्क्यापाशी अजून बर्फ होतं, पण तिथून खाडी दिसत नाही. टेकाडाला वळसा घालून बर्फावर बरंच चालून गेलं तरच दिसते. लेम्पीने तोंड उघडलं आणि पॅनकेकला किती अंडी लागतील ते विचारलं. मग रोज रात्री ठरवायची की सकाळी सांगीन, आणि रोज सकाळी तो तिथे उभा असायचा.

शनिवारी दुपारी आर्वोचा फोन आला. हे बोलणं मला कसं ठाऊक, असं विचारू नका. नंतर लेम्पीने सगळं माझ्याच पानावर लिहून काढलंय.

“लेम्पी, एक काम कर. वेबसाइट उघड आणि मला सांग, कडेचं बर्फ कसं दिसतंय?”

“तुझं यंत्र सांगत नाही का?”

“त्यात रेइनोचेच शब्द आहेत गं, मंगळवारचे. नवे कोण लिहिणार? माझ्याकडे रोज मंगळवारच असतो. या आठवड्यातला हा सहावा. मी कुणाला बोललो नाही. म्हटलं, बोललो तर कुणीतरी पुसून टाकेल. तेवढंच ऐकायला मिळतं मला त्याचं. पण चित्र तर रोज नवं येतं ना? बघ की, कड कशी आहे?”

लेम्पीने बघितलं. “मंगळवारी होती तशीच.”

“कुठल्या मंगळवारी?”

ती उद्याच्या पॅनकेकचं सांगू लागली.

“लेम्पी. मी आंधळा आहे, बहिरा नाही. कुठल्या मंगळवारी?”

“तो तिथे उभा आहे, आर्वो,” ती म्हणाली. “कमरेवर हात ठेवून. रोज.”

एकीने त्याला डोळ्यांनी लपवून ठेवलं होतं, दुसऱ्याने कानांनी, आणि दोघांनाही वाटत होतं की चोर आपण एकटेच.

“छापून घ्यायचंस ना ते चित्र,” आर्वो म्हणाला.

“छापलं की फोटो होतो रे. मेलेल्यांचे फोटो भिंतीवर असतात. हा रोज सकाळी येतो.”

“मग त्याने काय लिहिलंय ते ऐक आता. तुम्हा डोळेवाल्यांना दिसत नाही ते.” आणि त्याने यंत्र फोनजवळ धरलं. रेइनोचे शब्द त्या सपाट आवाजात आले, ‘मंगळवार. गाडी उभी आहे. ड्रायव्हर आत बसलाय, बाहेर नारिंगी कोटात मी आहे. दोघांत हुशार कोण ते तू ठरव. कडेचं बर्फ काळं पडायला लागलंय, आर्वो. या वर्षी कॉफी काठावरच पिऊ. लेम्पीला सांगतो रात्री जेवताना.’

लेम्पीने फोन ठेवला आणि वेस्लीला लावला.

“वेस्ली, तो ड्रायव्हर नाही. तो रेइनो आहे.”

वेस्लीने अगदी हळू आवाजात विचारलं, “मिसेस किवेला, तुम्ही जेवलात का?”

“चित्र जुनं आहे, गाढवा! रेइनो जिवंत असतानाचं आहे! जाऊन बघ खाडी!”

वेस्ली जंगलातल्या रस्त्याने गाडी चिखलात रुतवत खाडीच्या काठावर पोचला. तिथून त्याने फोन केला तेव्हा त्याचा आवाज शाळकरी झाला होता. “गाडी नाहीये. बर्फ नाहीये. बदकं आहेत.”

रविवारची कॉफी काठावर झाली. मुलं चिखलात खेळली. गाडी कधी बुडाली हे कुणालाच माहीत नसल्याने हॅम सगळ्यांनी मिळून खाल्लं. आपलाच अंदाज बरोबर होता म्हणणारे तिघेजण अजून एकमेकांशी बोलत नाहीत.

दुपारी ऑड्राने लेम्पीला माझ्या आतल्या खोल्या दाखवल्या. लेम्पी पानांमागून पानं पुसत गेली. “एवढे बूट! आणि एकही बर्फात घालायचा नाही.” कुलूप बदललं. नवा पासवर्ड मलाही पुरता उच्चारता येत नाही, आणि त्यात कुणाचंही नाव नाही. चित्राखाली तारीख आली.

मग ऑड्रा म्हणाली, “आता जागा झाली. पुढचं चित्र आलं की हे जाईल. याची एक प्रत ठेवू का?”

लेम्पी माझ्याकडे बघत राहिली. “नको. हे चित्र खोटं बोलत होतं. त्याचं वाक्य खरं होतं, त्याने वार लिहिला होता.”

चित्र आलं. करडं पाणी. लेम्पीने डोळे पुसले आणि आर्वोसाठी आयुष्यातलं पहिलं वर्णन लिहिलं, ‘रविवार. गाडी नाही. दोन बदकं. ड्रायव्हरची टोपी काठाला लागली आहे. नारिंगी कोटात कुणी नाही.’

मित्रांनो, तुमच्याकडे माझ्यासारखी कुणी असेल तर तिच्याकडे अधूनमधून बघा. कुलपं बदला, फटी बुजवा, आलेली पत्रं उघडा. आणि हे जमणार नसेल तर आम्हाला सरळ बंद करा, आम्ही रागावणार नाही. बंद दाराने कुणी बुडत नाही. आत कुणी नसताना दिवा लावून ठेवू नका, एवढंच.

माझ्या जुन्या वर्षांच्या नोंदींच्या पानावर आता त्या मंगळवारची एक रिकामी चौकट आहे. चित्र काढून टाकलं आणि मागचं वर्णन राहू दिलं, की आमच्यात तेच शब्द चित्राच्या जागी उघडे दिसू लागतात. इतकी वर्षं एका आर्वोला ऐकू येणारी ती पत्रातली ओळ आता गावात कुणालाही वाचता येते. लेम्पी रोज सकाळी कॉफी घेऊन तिथे बसते. ‘लेम्पीला सांगतो रात्री जेवताना.’ ती ते वाचते, कप खाली ठेवते, आणि मग आजचा वार लिहायला घेते.