म्हशीची चाल

पहिल्या खेळाला खुर्च्या रिकाम्या दिसल्या तर थिएटरवाले सिनेमा उतरवतात. म्हणून आमच्या अ‍ॅनिमेशन स्टुडिओत प्रत्येकाने पहिल्या खेळाला आपापली माणसं आणायची, असा रिवाज. मी आईची अख्खी भिशीच बांडुंगच्या मॉलमधल्या थिएटरात आणली.

"नेंग, सिनेमा टिकला की तुझी नोकरी पक्की," असं आमचे दिग्दर्शक कांग तातांग मला वर्षभर सांगत होते. मी भौतिकशास्त्र शिकलेली. चिखलातून पाय उपसताना म्हशीचं वजन कुठे सरकतं, ते बघायला मी शेताच्या बांधावर पालथी पडले होते. तीच चाल पडद्यावर आली, तेव्हा भिशीतली बू एंतिन ओरडली, "अगं बाई, ही तर माझ्या दिराची म्हैस!"

"हळू गं," आई म्हणाली. "माझ्या पोरीने केलीय."

"म्हैस?"

"म्हशीची चाल."

"मग म्हैस कुणी केली?"

खेळ संपला. बाहेर एक कर्मचारी आमचं पोस्टर उतरवत होता.

"अहो, आत्ता तर हॉल भरलेला होता!" मी म्हटलं.

"तुमच्याच माणसांनी. दुपारपासून भुताचा सिनेमा लागणार. गेल्या आठवड्यातच ठरलंय. तुमच्या साहेबांना माहितीये की."

त्याने नवं पोस्टर लावलं. केस मोकळे सोडलेली बाई, आणि खाली कोपऱ्यात, भुताची दृश्यं करणाऱ्यांत पहिलं नाव तातांग सुर्याना.

कांग तातांग तिकडे भिशीच्या बायकांबरोबर फोटो काढत होते. मी त्यांना बाजूला बोलावलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"लोकांना भूतच हवंय, नेंग. मी काय करू?"

"मग आम्हाला माणसं कशाला आणायला लावलीत?"

"निर्माते आले होते ना. रिकाम्या हॉलमध्ये माझी काय अब्रू राहिली असती?" त्यांनी आवाज खाली आणला. "हे बघ, पुढच्या भुताच्या केसांना वजन द्यायचंय. तुझ्यासारखं कुणाला जमणार नाही."

वर्षभर मी त्यांना कांग म्हणत होते. म्हणजे दादा.

"केस तुम्हीच करा, साहेब," मी म्हटलं.

ते हसले. मी हसले नाही, तेव्हा खिशातला फोन काढून बघायला लागले.

तेवढ्यात बू एंतिन आली. "नेंग, उद्या दिराला घेऊन येते. त्याची म्हैस त्याला बघू दे. कितीचा खेळ आहे गं?"