परक्या पाटीची जीप

मित्रांनो, शाळा सुटली की तुम्ही ज्या गंजक्या सांगाड्यावर चढता, ज्याचे चाक फिरवत तोंडाने भुर्रर्र करता, तीच मी एक जुनी जीप. उदगीरच्या गुरुबसप्पा आडत्यांच्या घरामागे, चिंचेखाली मी कित्येक वर्षे उभी आहे. दोन दिव्यांपैकी माझा एकच शिल्लक आहे. तो कोण फोडतो, याची तुमच्यात पैज लागली आहे, हेही मी ऐकले. काल तुमच्यातल्या एकीने माझ्या पाटीवरचा रंग नखाने खरवडला आणि ती ओरडली, "अरे, हिच्या नंबराखाली दुसराच नंबर हाय!"

हो बाळांनो, आहे. त्या खालच्या नंबराची गोष्ट गोड नाही. पण तुम्ही खरवडलेच आहे, तर सांगते.

माझा जन्म मार खाऊनच झाला. कारखान्यात लोखंडाचा पत्रा तापवला, ठोकला, कापला, वाकवला, भोके पाडली, तेव्हा कुठे त्याची मी झाले. मला वाटले होते, मार खायचा तो सगळा खाऊन झाला. आता फक्त धावायचे.

लातूर जिल्हा तेव्हा नवा झाला होता. गावोगाव त्याचीच चर्चा. गुरुबसप्पा तरुण होता, मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, त्याची आडत होती. त्याने मला विकत घेतले. जगदेवीने, त्याच्या बायकोने, माझ्या बॉनेटला विभूतीची तीन बोटे ओढली आणि नारळ फोडला. नारळाचे पाणी माझ्या गरम इंजिनावर चुर्रकन उडाले. तो दिवस मी विसरले नाही.

जगदेवीचे माहेर भालकीचे, म्हणजे सीमेपलीकडे, कर्नाटकातल्या बीदर जिल्ह्यात. तिचा धाकटा भाऊ माणिकप्पा पेढे खायला आला होता. तो म्हणाला, "दाजी, गाडी माझ्या पत्त्यावर चढवा की. तिकडं कर लई कमी पडतो. पाटी तिकडची, पळणं इकडचं. कोण इचारतंय?"

जगदेवी भावावरच उखडली. "इकडच्या सडकेवर पळायचं अन् कर तिकडं भरायचा? मग इथले खड्डे कोण बुजवील रे, तू येतोस का फावडं घेऊन?"

गुरुबसप्पा हसला. "अगं, माझा आजा मेला तवा उदगीर बीदर जिल्ह्यात होतं. बाप म्हातारा झाला उस्मानाबाद जिल्ह्यात. आता मी लातूरचा. आपण घर हलवलं का? तिघंबी याच ओट्यावर बसलो. मग गाडी बीदरची ऱ्हायली तर काय बिघडलं?"

बोलणे ऐकायला गमतीचे होते. सगळे हसले, आणि माझ्या कपाळी पाटी लागली ती परक्या मुलखाची.

आता अशी गाडी कायमची इकडे ठेवायची, तर अडवणारे अडवणारच. मग गुरुबसप्पाने एक युक्ती बसवली. नाक्यावर शिपायाने हात दाखवला की तो मराठी विसरायचा. चेहरा भोळा करायचा, हात जोडायचा आणि कानडीत म्हणायचा, "नम्मूरु भालकी!" म्हणजे आमचे गाव भालकी. वर कानडीतच म्हणायचा, "पाहुणा आहे, दोन दिवसांत परत जातो." शिपाई हात हलवायचा. गाडी पुढे गेली की गुरुबसप्पा मांडीवर थाप मारून हसायचा. जगदेवी मात्र खिडकीतून बाहेर बघत बसायची. हे इतक्या वेळा झाले की वाक्य त्याच्या जिभेवरच राहायला आले. कोणी "कुठले?" म्हटले, की विचार करण्याआधी तेच बाहेर पडायचे.

मग दुष्काळ आला. एक पाऊस हुकला, दुसराही हुकला. मी धावायचे त्या सडकेच्या दोन्ही कडांना मेलेली गुरे पडलेली असायची. कुत्री त्यांची पोटे फाडायची आणि माझा आवाज ऐकून लाल तोंडे वर करायची. गुरुबसप्पाने माझ्यात पिंपे ठेवली आणि स्वतःच्या विहिरीचे पाणी तो गावांना वाटू लागला. लोक मला "पाण्याची जीप" म्हणत. माझ्या आयुष्यातली तीच खरी शाबासकी. पण त्या पाण्यासाठी माणसे एकमेकांना कशी मारत, तेही मी पाहिले. एका गावात दोन जावांनी घागरींनी एकमेकींची डोकी फोडली. रक्त पाण्यात मिसळले, आणि ते पाणीही कोणी सांडू दिले नाही.

चारा तर पाण्याहून महाग झाला. सीमेलगतच्या गावांत रात्री परक्या गाड्या यायच्या आणि कडब्याच्या गंजी उचलून पलीकडे न्यायच्या. त्यातल्या एका गावाचे नाव मी सांगणार नाही. तिथली मुलेही तुमच्यासारखी शाळेत जातात, त्यांना कोणी चिडवायला नको. माझी पाण्याची फेरी तिथवर कधी पोचली नव्हती. त्या गावात व्यंकट नावाचा जवान माणूस गंजीच्या राखणीला होता. चोरांनी त्याच्या डोक्यात पहार घातली आणि त्याला तसाच टाकून गाडी पळवली. तो मेला नाही, पण पुन्हा बोललाही नाही. दवाखान्यात छताकडे बघत पडून राहिला. त्याचा थोरला भाऊ शेषेराव याने गाडीची पाटी तेवढी पाहिली होती. पाटी पलीकडची होती.

त्याच गावची सरजाबाई दर हंगामात गुरुबसप्पाच्या आडतीवर तूर घालायची. गावाच्या छावणीत तिचे दोन बैल होते. ती मोंढ्यात येऊन म्हणाली, "आप्पा, जनावरं दावणीची लाकडं चावून ऱ्हायलीत. कुठूनबी कडबा बघा." गुरुबसप्पाने शब्द दिला. माणिकप्पाच्या मळ्यात विहिरीला पाणी होते, कडबा होता. दुसऱ्याच दिवशी तो मला ट्रॉली जोडून भालकीला घेऊन गेला. जगदेवीही माहेरच्यांना भेटायला बरोबर आली. परत निघताना ट्रॉली पेंढ्यांनी गच्च भरली होती.

दुपार कलली होती. गाव समोर दिसत होते. पण ओढ्याच्या चढावर ट्रॉली मागे ओढू लागली. माझे चाक मुरमावर घसरले. गुरुबसप्पा म्हणाला, "हा चढ न्हाई जमायचा. वळसा घालून वरच्या वाटेनं जाऊ." त्याने मला ओढ्यात वळवले. आता माझे तोंड सीमेकडे होते, पाठीमागे कडब्याची ट्रॉली होती आणि कपाळावर ती पाटी.

तेवढ्यात वरून आरोळी आली, "धरा रे! आलेत पुन्हा!"

वीस-पंचवीस माणसे उतारावरून धावत आली. हातांत काठ्या, दगड, कुऱ्हाडीचे दांडे. सर्वांत पुढे शेषेराव होता. त्याने माझ्या बॉनेटवर दांडा आपटला आणि विचारले, "कोण रे तुम्ही? कुठले?"

मित्रांनो, त्या क्षणी गुरुबसप्पाने "मी उदगीरचा आडत्या, सरजाबाईचा कडबा आणलाय" एवढे म्हटले असते, तर माझी गोष्ट इथेच संपली असती. पण तो घाबरला होता. आणि घाबरलेल्या माणसाची जीभ सवयीच्या वाटेने जाते. त्याने हात जोडले. तोंडातून निघाले, "नम्मूरु भालकी!"

शेषेरावचा दांडा उचलला गेला.

पहिला घाव काचेवर बसला. काच फुटून गुरुबसप्पाच्या मांडीवर सांडली. त्याला गळपट्टी धरून बाहेर ओढले. त्याने उजवा हात डोक्यावर धरला, दांडा हातावर बसला, आणि वाळकी फांदी मोडावी तसा आवाज झाला. माझ्या पत्र्यावर दगड पडू लागले. एका दगडाने माझा डावा दिवा फुटला. जगदेवी दार ढकलून खाली उतरली आणि नवऱ्याच्या आडवी झाली. "आरं मारू नका! आम्ही उदगीरचे हाव! ह्यो चारा तुमच्याच जनावरांचा हाय!"

"आता उदगीरचे झाले व्हय?" शेषेराव ओरडला. "आत्ताच तर भालकी म्हणला! माझ्या भावाचं डोस्कं फोडताना कुठले होता रे?"

मागून कोणीतरी दगड भिरकावला. तो जगदेवीच्या चेहऱ्यावर लागला. "यव्वा!" म्हणून ती माझ्या चाकाशी बसली. तिच्या बोटांमधून रक्त माझ्या टायरवर ओघळले. आणि कोणीतरी ट्रॉलीत पेटती काडी टाकली. वाळला कडबा भडाडून पेटला. माझी पाठ तापली. कारखान्यातली भट्टी मला आठवली.

धूर पाहून सरजाबाई गावातून धावत आली. तिने आधी ट्रॉली पाहिली, मग मुरमात पडलेला माणूस पाहिला आणि छाती बडवून घेतली. "आरं मुडद्यांनो, हे तर माझे आडते हायत! ह्यो आपलाच कडबा! मीच सांगितला होता! काय केलं रे हे?"

काठ्या खाली आल्या. आगीचा आवाज तेवढा राहिला. छावणीतली जनावरे जळत्या कडब्याच्या वासाने हंबरू लागली. त्यांना वाटले असेल, चारा आला.

शेषेरावनेच ट्रॉलीची खीळ उपसून मला आगीतून सोडवले. त्याचे तळहात भाजले. जगदेवीला त्याने मागे निजवले. सरजाबाईने पदर तिच्या डोळ्यावर दाबून धरला. पण गाडी चालवायला गावात कोणी नव्हते. गुरुबसप्पा दात आवळून बसला. त्याने डाव्या हाताने गिअर टाकले. शेषेराव शेजारी बसला आणि वाकून त्याने माझे स्टिअरिंगचे चाक धरले. "डावीकडं... सरळ... आता हळू," गुरुबसप्पा सांगत होता. ज्याने मारले आणि ज्याने मार खाल्ला, ते दोघे मिळून एक गाडी हाकत होते. उदगीरच्या दवाखान्याच्या दारात शेषेराव म्हणाला, "मी इचारलं होतं, आप्पा. कुठले म्हणून इचारलं होतं."

जगदेवीचा डोळा गेला. सरजाबाईचा एक बैल पुढच्या आठवड्यात गेला. दगड कोणी मारला, ते कधी कळले नाही. शेषेराव म्हणाला, "माझाच समजा," आणि शिक्षा भोगून आला.

हात बरा होताच गुरुबसप्पा मला नव्या जिल्ह्याच्या ठिकाणी घेऊन गेला. त्याने राहिलेला सगळा कर भरला, दंड भरला आणि जुन्या पाटीवर स्वतः ब्रशने काळा रंग मारून इकडचा नंबर लिहिला. घरी आल्यावर जगदेवी म्हणाली, "माझा डोळा गेला तवा तुम्हाला दिसलं व्हय?" एवढेच. पुन्हा तिने तो विषय काढला नाही. गुरुबसप्पाने मला पुढे बरीच वर्षे चालवले. नाक्यावर हात दिसला की तो आधीच थांबायचा आणि मोठ्याने म्हणायचा, "उदगीर!" कोणी न विचारताही म्हणायचा. शिपाई हसायचे. मग माझे इंजिन थकले आणि मी या चिंचेखाली आले.

बाळांनो, कर कशाला म्हणतात आणि तो का भरायचा, ते तुम्ही पुस्तकात शिकालच. मी जीप, मला एवढेच कळते की जिथल्या सडकेवर धावायचे, तिथले म्हणून सांगायला लाजू नये. आणि कोणी घाबरून चुकीचे उत्तर दिले, तर हातातला दगड खाली टाकून त्याला आणखी एकदा विचारावे.

आता माझी एकच विनंती. माझ्यावर चढा, चाक फिरवा, हॉर्न तोंडाने वाजवा. पण उरलेल्या दिव्यावर दगड मारू नका. पलीकडच्या ओट्यावर जी आजी तांदूळ निवडत बसते, तिला तुम्ही चिंचा मागता, ती जगदेवी आहे. पत्र्यावर दगड वाजला की तिचा हात अजून आपोआप चेहऱ्याकडे जातो, आणि सुपातले तांदूळ खाली सांडतात.