अंगातली लाईट

आमच्याकडं रेडिएशन कोणी म्हणत नाही, लाईट म्हणतात. "जाईबाई, कोठी चालल्या?" "लाईट घ्याले." पहिल्या दिवशी राजापेठेत ऑटोवाल्याले मी म्हणली, "बाप्पा, लाईट देतात तिथं घे," तं त्या मुडद्यानं मले थेट वीजबिलाच्या हपिसापुढं नेऊन उतरवलं. वरून म्हणते, "मावशी, बिल भरून या, मी थांबतो." मी त्याले भर रस्त्यात चार शब्द सुनावले. छातीवर ऑपरेशनचा वण घेऊन फिरणाऱ्या बाईले बिल भराले लावते! मंग माहं मलेच हासू आलं. त्याच्यानंतर लय दिवस हासली नाही मी.

गाठ छातीत होती. दुखत नव्हती, म्हणून मीच तिले वरीसभर विचारलं नाही. दुखलं तं दाखवाचं, नाही दुखलं तं कामाले लागाचं, अशी आमची पद्धत. डॉक्टर लय रागावला. ऑपरेशन केलं, सलाईनी दिल्या, डोक्यावरचा केस न् केस गेला, अन् मंग सांगतलं का आता महिन्याच्या वर रोज लाईट घ्या लागन. माहा अनुप जिल्हा परिषदेत कारकून हाये. तो म्हणे, "आई, मी सुट्ट्या टाकतो." मी म्हणली, "मले काय पाय नाईत? जाय, आपल्या कामाले जाय." तं मी एकटीच जाये.

त्या खोलीत एक टणक पलंग हाये अन् वर मशीनचं मोठ्ठं मुंडकं. अंगावर शाईच्या रेघा मारलेल्या, त्या धुवाच्या नाही. वर्षाली नावाची पोरगी मशीन चालवे. लय गोड बोले. "मावशी, हलायचं नाही हं," असं म्हणे अन् पळे. तिच्या मागं तिच्यासंग काम करणारा पोरगा पळे. हातभर जाड दरवाजा लागे. मंग खोलीत मी एकटी अन् ते मशीन, घुंऽऽ करून राहिलेलं. दुखत नाही, पोळत नाही, काही समजत नाही. मी पडल्या पडल्या इचार करे, बाई, ही लाईट एवढी चांगली असती तं हे शिकलेले लोक असे जीव घेऊन काहून पळाले असते?

बाकावर पार्बताबाई भेटली. कौंडण्यपूरकडची, बोलायले मोकळी. तिच्या गळ्यात गाठ होती. नागपूरले तिले कायतरी औषध प्याले दिलं होतं, अन् आता ती इथं नुसती तपासणीले ये. ती म्हणे, "बाई, नातवाले हात लावला नाही मी. डॉक्टरनंच सांगतलं, अंगातून लाईट निंघते म्हणून. लेकरं जवळ घ्याचे नाही, पोटुशी बाई जवळ बसू द्याची नाही."  मी विचारलं, "मोठ्या माणसाले काही होत नाही?" ती म्हणे, "मोठ्याचं एवढं नाही. लेकराचं जिवावर येते."

लेकराचं! माह्या घरात पौर्णिमा होती, माही नात, तीन वर्षांची. तीस वर्षं मी अंगणवाडीत मदतनीस होती. दुनियेचे लेकरं कडेवर घेऊन खिचडी चारली, नाकं पुसले, पण ही पोट्टी झाली तवा मी अख्ख्या गल्लीत जिलेबी वाटली. आमचे मालक, देवराव, गेल्यापासून घरात माहं म्हणून जे होतं ते हेच. माह्या पोटावर झोपल्याशिवाय तिची दुपार होत नव्हती.

त्या दिवशी मी घरी आली, तं ती धावत आली, "आजीऽऽ!" मी वरडली, "दूर व्हय!" एवढ्या जोरात वरडली का शेजारच्या घरातला टीव्ही बारीक झाला. पोरगी जागीच उभी राहिली. तिले समजेच ना का हे तिलेच म्हणलं. मागं पाहे, कोणी हाये का म्हणून. मी तशीच मागच्या खोलीत गेली अन् कडी लावली.

तुमी म्हणसान, सांगून द्याचं ना. अहो, कसं सांगू? माहं ऑपरेशन झालं तं गल्लीतल्या बायांनी आमच्या घरचा चहा पिणं सोडलं. कपाले हात नाही लावत, म्हणे आताच पिऊन आली. अंगातून लाईट निंघते म्हणून सांगतलं असतं तं सुनेनं पोरीले उचलून एका घंट्यात अकोल्याले मायेर गाठलं असतं. अन् तिचं काही चुकलं नसतं. मी इचार केला, हे दिवस कसेबसे काढीन, लाईट संपली का आंग निवू देईन, मंग पोट्टीले असं घट्ट धरीन का सोडणारच नाही. दुरून का होईना, डोळ्यापुढं तं राहीन. म्हणून मी तोंडाले कुलूप लावलं.

मी माहं ताट, माहा पेला वेगळा केला. माह्या बाजेच्या चारी बाजूनं कोणी येऊ नये म्हणून खुर्च्या लावल्या. पौर्णिमा खुर्चीच्या पायातून पाहे. "आजी, बिस्किट?" मी म्हणे, "पळ तिकडं!" "आजी, मी गाणं म्हणू?" "नाही म्हणाचं!" माह्या छातीवरची चामडी काळी पडून राहिली होती, अन् ते पाहून मले अजूनच पक्कं वाटे का बाहेरच्या चामडीतून ती लाईट झिरपते. रातभर मी भिंतीकडं तोंड करून पडे, कारण भिंतीच्या त्या बाजूले कोणाचं लेकरू नव्हतं.

एका दुपारी मले डोळा लागला. लाईटनं थकवा लय येते. जाग आली तं पाठीले काहीतरी गरम लागलेलं. पौर्णिमा. खुर्च्यातून सरकून आली होती अन् माह्या पाठीले नाक लावून झोपली होती. किती वेळची झोपली होती कोणाले माहीत! मी घाबरली, अन् घाबरल्यावर माहं डोकं फिरते. मी तिले ढकललं. जोरात ढकललं. बाजेच्या पायावर तिचं तोंड आदळलं अन् ओठातून रगत आलं.

दीपमाला धावत आली. सून माही तोंडाची चांगली, कधी वर बोलली नाही. तिनं पोरीले उचललं, पदरानं ओठ पुसला, अन् मले म्हणे, "आई, पोरगी झाली याचा राग होता तं पहिलेच सांगाचं होतं. जिलेब्या कायले वाटल्या?"

हे माह्या काळजात घुसलं. बोलाले तोंड उघडलं, तं गल्लीतल्या बाया आठवल्या, अकोल्याची एसटी आठवली. संध्याकाळी त्या एसटीनं ती गेलीच. अनुप बॅग घेऊन मागं मागं. मले म्हणे, "आई, तुहं आजारपण हाये म्हणून मी काही म्हणत नाही." म्हणला असता तं बरं झालं असतं.

मंग घर खाली झालं. अनुप सकाळी जाये, रातच्याले ये, शनिवारी अकोल्याले पळे. मी एकटी भाकर थापे, एकटी खाये. खुर्च्या उचलून जाग्यावर ठेवल्या, आता कोणाले अडवाचं? बोलाले कोणी नाही. लय वाईट वाटे. मी मशीनखाली पडून मनातल्या मनात पौर्णिमाशी बोले, बाई थोडे दिवस, थोडे दिवस.

लाईट संपली त्या दिवशी वर्षालीनं माहा हात धरला. "मावशी, छान झालं सगळं. आता तीन महिन्यांनी दाखवायला या." मी विचारलं, "पोरी, एक सांग. आता आंग निवाले किती दिवस लागतीन? नातीले कधी जवळ घेऊ?"

"म्हणजे?"

"अंगातली लाईट कधी निंघन?"

ती माह्याकडं पाहतच राहिली. मंग बाजूले बसली अन् विचारलं, हे कोणी सांगतलं. मी पार्बताबाईचं नाव घेतलं, तं म्हणे, "मावशी, तुमच्या अंगात लाईट राहतच नाही. मशीन बंद, लाईट बंद. घरातला दिवा बंद केल्यावर भिंतीत उजेड राहतो का? आम्ही रोज दिवसभर इथं असतो, म्हणून आम्ही बाहेर जातो. पार्बताबाईंचं वेगळं, त्यांना पाजलेल्या औषधातच लाईट होती, ती अंगात राहते काही दिवस. तुम्ही रोज नातीला घेतलं असतं तरी चाललं असतं."

मी भडकली. "मंग मले कोणी सांगतलं काहून नाही?"

तिचे डोळे भरले. "तुम्ही विचारलं का नाही, मावशी?"

 मी तिथून निंघाली ते घरी गेलीच नाही. स्टँडवर अकोल्याची एसटी लागलेली होती, बसली. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं, मी खिडकीले डोकं लावून रडून राहिली होती. बाजूची बाई म्हणे, "कोणी गेलं काय हो?" मी म्हणली, "नाही. भेटाले चालली."

दीपमालानं दरवाजा उघडला. तिनं आत या म्हणाच्या आधीच मी सगळं सांगून टाकलं. पार्बताबाई, लाईट, लेकराच्या जिवाचं भेव, वर्षाली. उंबरठ्यावर उभी राहून सांगतलं, जसं आलं तसं. दीपमाला ऐकता ऐकता खालीच बसली. "आई," ती म्हणे, "एवढं मोठं एकट्यानं धरून बसल्या? अन् मी तुमाले काय काय बोलली!" तिनं माह्या पायाले धरलं अन् लय रडली. माहा जीव भांड्यात पडला. मले वाटलं, झालं, आता सगळं झालं.

तिनं डोळे पुसले अन् आत हाक मारली, "पौर्णिमा, पाह्य कोण आलं!"

पौर्णिमा आली. पळतच आली. ओठावर बारीकसा वण. मले पाहून तिचं तोंड असं खुललं का मी खाली बसली अन् दोन्ही हात पसरले. ती माह्यापासून दोन हातावर येऊन थांबली. एकदम थांबली. दोन्ही हात तिनं पाठीमागं नेले अन् गच्च धरले.

"ये माय," मी म्हणली. "ये, आता ये."

ती एक पाऊल मागं सरकली अन् हासली. तिले वाटलं, आजी परीक्षा घेऊन राहिली.

"आजी, पाह्य," ती म्हणे, "मी हात नाही लावला. मी शहाणी हाये ना?"

दीपमालानं तोंड फिरवलं. मी हात तसेच पसरून बसली होती.

"हाव माय," मी म्हणली. "लय शहाणी."