सतरा नंबरची चिठ्ठी

कारखान्यात तिला सगळे भिंगवाली म्हणत. बावीस वर्षं ती शर्ट तपासत होती, आणि तिच्या नजरेतून एक टाका सुटेल तर शपथ! पास झालेल्या प्रत्येक शर्टाच्या खिशात तिच्या सतरा नंबरची चिठ्ठी जायची. शर्ट जहाजाने परदेशी जायचे. तिकडे कोण घालतं, देव जाणे. पण खोट निघालीच तर त्या चिठ्ठीवरून हिलाच धरणार.

आता तेच शर्ट परदेशी नाव लावून तिच्याच शहरात विकायला आले होते. जुना बस डेपो पाडून तिथे काचेचं दुकान झालं होतं. आत इतकं गार, की भाजी आठवडाभर टिकावी.

"चला ना आई, बघायला कुठे पैसे पडतात?" म्हणत सुनेने तिला आत ओढलं.

भिंगवालीने एक शर्ट उचलला आणि सवयीने कॉलर दुमडून टोकाला टोक लावलं. डावं टोक जवभर खाली! दुसरा उचलला, तोही तसाच. अरे, हा तर मागच्या महिन्यात तिने नापास केलेला लॉट! "जहाज चुकेल काकू, जरा डोळेझाक करा," असं सुपरवायझर गयावया करत होता, तरी ती बधली नव्हती. तिने खिसा चाचपला. आत चिठ्ठी. सतरा नंबर.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मेल्याने तिच्या चिठ्ठ्या परस्पर घातल्या होत्या! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

ती एकेका खिशातून चिठ्ठ्या काढायला लागली.

"अहो आई, लोक बघतायत!"

"बघू देत. आपणही बघायलाच आलोय ना?"

दुकानाचा मॅनेजर धावत आला. "बाई, मालाला हात लावू नका."

"तुमचा माल तुम्हालाच लखलाभ. मी माझा नंबर काढून घेतेय. वाकडा माल मी पास करत नसते!"

त्याने तडक माल पाठवणाऱ्या कारखान्यात फोन लावला, सतरा नंबरवाली बाई चिठ्ठ्या काढतेय म्हणून सांगितलं आणि फोन तिच्यासमोर धरला. सुपरवायझर ओरडत होता, "काकू, सगळ्या चिठ्ठ्या परत ठेवा, नाहीतर उद्यापासून कामावर येऊ नका!"

सुनेचा चेहरा पडला. नवऱ्याची नोकरी गेल्यापासून घर सासूच्याच पगारावर चाललं होतं. भिंगवालीला ते ठाऊक नव्हतं असं नाही. पण आवाज काही खाली आला नाही.

"उद्या आठला गेटवर हजर असेन. आत घेतलं नाहीस, तर इथे दारात उभी राहीन आणि येईल त्याला कॉलर दुमडून दाखवीन. माझ्या नावावर खोटं खपवायचं नाही!"

पैसे द्यायच्या रांगेतल्या एका गृहस्थाने हातातला शर्ट उलगडला, कॉलर दुमडून पाहिली आणि शर्ट गुपचूप टेबलावर ठेवून दिला.

मॅनेजर रखवालदाराला हाका मारू लागला. सुनेने एकदा सासूकडे पाहिलं, पर्स खांद्यावर नीट अडकवली आणि पलीकडच्या मांडणीकडे वळली.

"आई, तुम्ही तिकडचे खिसे बघा," ती म्हणाली, "इकडचे मी घेते."