मोरपीस छापाचा घेवडा

"पानी जास्त सोडलासा तुमी, आनि नाव कंपनीला?" मोरपीस बियाणे कंपनीचा हयवदन बांधावरूनच बोलला, तसे आम्ही सहाही शेजारी उसळलो. उचलली जीभ, लावली टाळ्याला!

बंगळुरूजवळच्या येलहंकाच्या पलीकडची आमची लाल माती. घेवडा पेरून दहा दिवस झाले, तरी सऱ्या उघड्याबोडक्या. पेरलं होतं आप्पाजींच्या शब्दावर. निपाणीकडून आलेला हा माणूस वीस वर्षं मोरपिसाशिवाय दुसरं बी हातात धरत नव्हता. कंपनीनं त्यांचा हसरा फोटो छापून पाटीच लावली होती बांधावर.

"अण्णा," आमच्यातला महांतेश त्यांना म्हणाला, "दरसाली पेरायच्या आधी ओल्या गोणपाटात बी घालून उगवतंय का बगता. औंदा बगितलासा?"

आप्पाजी हातातल्या खुरप्यानं ढेकूळ फोडू लागले.

"न्हाई बगितलं," ते म्हणाले. "म्हटलं, मोरपिसाला काय बगायचं?"

ऐकून मला त्यांचा राग आला आणि कीवही आली.

"बगा! चूक तुमचीच," हयवदनला जोर चढला. "स्वल्प, जरा माती तपासून घ्या."

तेवढ्यात आप्पाजींची बायको चंपाअक्का घरातून आली. हातात ओल्या गोणपाटाची गुंडाळी. बांधावर बसून तिनं ती उलगडली.

"उरलेल्या पुडीतलं शंभर बी हाय. शेत उगवंना म्हणून सा दिवसांमागं गुंडाळलं. मोजा साहेब."

हयवदननं मोजलं. मोड आलेले दाणे अठ्ठावीस. बाकीचे कुजून बुळबुळीत झालेले.

"हितं माती न्हाई, पाटाचं पानी न्हाई," अक्का म्हणाली. "आता कुनाची चूक?"

"सरी, बरं, वर कळवतो," हयवदन पुटपुटला. नाव मोठं, लक्षण खोटं!

आप्पाजी उठले आणि खुरप्यानं पाटीवरचा फोटो खरवडू लागले.

"अहो, बोर्ड कंपनीचा हाय!" हयवदन ओरडला.

"बोर्ड तुमचा. तोंड माझं हाय."

हसरं तोंड पार निघेपर्यंत ते थांबले नाहीत. हयवदन गाडीला किक मारून निघून गेला. आप्पाजींना वाटलं असावं, आता आम्ही विचारू, की अण्णा, दुसरं बी कुठलं घ्यायचं?

महांतेशनं खिशातून दुसऱ्या कंपनीची पुडी काढली. आप्पाजींचा हात सवयीनं पुढं झाला. महांतेशनं ती चंपाअक्काच्या हातात दिली.

"अक्का, हे बी घालून बगा. तुमी सांगितल्यावरच पेरतो."

आप्पाजींचा हात तसाच राहिला. मग त्यांनी बादली उचलली आणि गोणपाट भिजवायला पाणी आणायला गेले.